गुडघ्यामागची दोरी

भीमजयंतीच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांतून कबड्डीचे सामने रंगतात आणि पुढच्या आठवड्यात दोनचार तरुण लंगडताना दिसतात. विचारले तर ‘शीर ताणली’ एवढेच उत्तर मिळते. ही शीर कोणती, ते या वेळी आम्ही सांगणार आहोत.

वाचकांनी खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात वाकवावा, टाच जमिनीत रोवून मागे ओढावी आणि गुडघ्याच्या मागे बाहेरच्या बाजूस बोटे लावावीत. ताठ दोरी हाताला लागेल. ती शीर नव्हे; तिच्यातून रक्त वाहत नाही. ती कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी चिवट दोरी. मांडीमागच्या या स्नायूचे नाव बायसेप्स फेमोरिस. त्याचे एक मूळ बैठकीच्या हाडावर, दुसरे मांडीच्या हाडामागे. दोन्ही एकत्र येऊन नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याला चिकटतात.

चढाई करणारा गडी मध्यरेषेकडे झेपावतो, मागून पाय धरला जातो आणि गुडघा सरळ ताणला जातो. अशा वेळी कंडरा फाटते. क्वचित हाडाचा तुकडाही उपटून येतो.

मग तेल लावून रगडणे आणि करकचून बांधणे सुरू होते. आमचा खरा आक्षेप यालाच आहे. या कंडरेला लागूनच एक मोठा मज्जातंतू खाली उतरतो आणि बारीक हाडाच्या मानेला वळसा घालतो. तेथे तो अगदी कातडीखाली असतो. तो ताणला किंवा दाबला गेला, तर पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटे जमिनीला घासतात, पावलाची वरची बाजू बधिर होते. फार वेळ उकिडवे बसून काम करणाऱ्यांनाही कधी कधी हे होते. कोणी याला बाहेरची बाधा म्हणतात. बाधा कसली! तंतू दबला आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिले दोन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दर वेळी पंधरा मिनिटे आणि पाय उशीवर. थोडी फाटलेली कंडरा व्यायामाने भरून येते, पण काही आठवडे लागतात. पूर्ण तुटली तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. रोज बुडेल म्हणून हातावर पोट असलेला माणूस ती लांबवतो. तोवर तुटलेले टोक आखडून वर सरकते आणि जोडणे अवघड होते. मंडळांनी ढालींच्या खर्चातून थोडे पैसे बर्फासाठी आणि जखमी खेळाडूला नेणाऱ्या रिक्षासाठी बाजूला ठेवावेत.