कोऱ्या घरांनाच सूट का?

प्रति,
टेक्सास राज्य विधिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
ऑस्टिन



ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीच्या बाजूला नवी वसाहत उभी राहिली की तिथे घर घेणाऱ्यांत मराठी कुटुंबे असतातच. शाळा चांगल्या, कंपन्यांची कार्यालये हाकेच्या अंतरावर. बरीच घरे थेट बिल्डरकडून, कोरी घेतली जातात. हे पत्र त्या कोऱ्या घरांविषयी आहे. मी ते मराठीत लिहितो आहे, कारण खरेदीच्या करारावर सही करण्यापूर्वी त्या कुटुंबांनीही ते वाचावे.

अॅडिक्स आणि बार्कर ही दोन मातीची धरणे आपल्याला ठाऊक आहेत. 1929 आणि 1935 च्या पुरांनी ह्यूस्टन शहर बुडवले, म्हणून लष्कराच्या अभियंता दलाने ती 1940 च्या दशकात बांधली. एरवी ती कोरडीच असतात. बार्करच्या पोटात आज जॉर्ज बुश पार्क आहे. लोक तिथे धावतात, सायकली चालवतात, आणि आपण जलाशयाच्या तळाशी आहोत हे मनातही येत नाही. बांधली तेव्हा मागे भातशेती होती, गुरांची कुरणे होती. पाणी पुरते साठले तर जितकी जमीन बुडेल, तितकी सगळी सरकारने विकत घेतली नाही. उरलेली खासगीच राहिली आणि पुढे तिच्यावर हजारो घरे झाली.

ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे चक्रीवादळ आले. अॅडिक्समागची सरकारी जमीन सुमारे 103 फूट उंचीपर्यंत होती. पाणी 109 फुटांवर गेले. बार्करमागे जमीन 95 फुटांपर्यंत, पाणी 101 च्या वर. मधल्या पट्ट्यात लोक झोपले होते. त्यांतली कित्येक घरे संघीय पूरनकाशावर धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती, म्हणून पुराचा विमा सक्तीचा नव्हता, आणि बहुतेकांनी तो काढलाही नव्हता. दुसरीकडे धरणांचे दरवाजे उघडून खालच्या बफेलो बायू या प्रवाहात पाणी सोडल्याने खालच्या अंगाची वस्तीही बुडाली. डिसेंबर 2019 मध्ये संघीय दावे न्यायालयाने वरच्या अंगाच्या घरमालकांच्या बाजूने निकाल दिला: सरकारने या लोकांच्या जमिनीचा पाणी साठवायला वापर केला आणि त्याची भरपाई द्यायला ते बांधील आहे.

हा धोका कोणाला माहीतच नव्हता, असे म्हणता येत नाही. बार्करमागच्या काही वसाहतींच्या मंजूर आराखड्यांवर फोर्ट बेंड काउंटीने 1990 च्या दशकापासून टीप घालायला लावली होती की ही जागा जलाशयाच्या नियंत्रित बुडिताखाली येऊ शकते. टीप खरी होती. पण काउंटीच्या दप्तरातला आराखडा किती ग्राहक काढून बघतात? पुण्या-सांगलीकडचा माणूस जमीन घेताना निळी पूररेषा कुठे, लाल कुठे, हे विचारतो. तोच माणूस इथे येऊन विचारत नाही, कारण चकचकीत मॉडेल होम दाखवणाऱ्या राज्यात एवढे तरी कायद्याने सांगितले जात असेल, असे तो गृहीत धरतो.

2019 मध्ये आपण मालमत्ता कायद्याच्या कलम 5.008 मध्ये चांगली सुधारणा केलीत. घरात पूर्वी पाणी शिरले होते का, ते पूरक्षेत्रात किंवा जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात येते का, हे विकणाऱ्याने लेखी सांगायचे. त्याबद्दल मनापासून आभार. पण त्याच कलमात एक जुना अपवाद तसाच राहिला आहे: ज्यात अजून कोणी राहिलेले नाही, अशा नव्या घराला हा नियम नाही. म्हणजे वीस वर्षे संसार करून घर विकणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने सगळे सांगायचे, आणि शेकडो घरे एकदम विकणाऱ्या कंपनीने गप्प राहिले तरी चालते. मला हे अन्यायाचे वाटते. मातीचा भराव, गटारे, तळी आखताना कंपनीच्या अभियंत्यांनी त्या जमिनीची उंची फुटाफुटाने मोजलेली असते. ज्याला सर्वांत जास्त माहीत आहे, त्यालाच न सांगण्याची मुभा.

तो अपवाद पूर आणि बुडीत क्षेत्रापुरता तरी काढून टाका. बयाणा घेण्याआधी, विक्री कराराच्या पहिल्या पानावर, जोत्याची उंची आणि बुडीत क्षेत्राची कमाल उंची शेजारीशेजारी छापायला लावा.

दुसरी मागणी अवघड आहे, तरी मांडतो. ह्यूस्टनने 1993 च्या मतदानात झोनिंग नाकारले, तो शहराचा निर्णय. पण शहराच्या हद्दीबाहेर, जिथे आता खरी वाढ होते आहे, तिथे काउंटीच्या हाती जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार जवळजवळ नाहीच. तो फक्त आपण देऊ शकता. धरणाच्या बुडीत क्षेत्रात नवी वसाहत नाकारण्याचा अधिकार काउंट्यांना द्या. केटीचे गवताळ माळ पाणी अडवतात, जिरवतात. ते काँक्रीटखाली गेले की तेच पाणी धरणांकडे लवकर पोचते.

बिल्डर म्हणतील, घरे महागतील. काही महागतीलही. पण 2025 च्या जुलैत ग्वाडालूप नदीने केर काउंटीत शंभरावर माणसे नेली, तेव्हा पूरक्षेत्रात मुलांच्या शिबिराच्या खोल्या नकोत, असा कायदा आपण काही आठवड्यांत केलात. त्या वेळी खर्चाचा मुद्दा आड आला नाही. पुढचे नियमित अधिवेशन जानेवारी 2027 मध्ये आहे. कलम 5.008 ची दुरुस्ती एका परिच्छेदाची आहे. ती पहिल्याच आठवड्यात मांडावी, ही विनंती.

आपला,
केटी परिसरातील एक मराठी रहिवासी