पाखरांची पिले आणि आपली दया

वैशाखात नांगरटी सुरू झाल्या की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एक प्रकार दरवर्षी घडतो. ढेकळांत एखादे पिलू एकटेच बसलेले आढळते. पाहणारा हळहळतो, "आई टाकून गेली" म्हणतो आणि टोपीत घालून ते घरी आणतो. मग दूधभाकरी होते, चोचीत पाणी घातले जाते, आणि सकाळी पिलू मेलेले असते. ही दया नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टिटवीचेच घ्या. ती घरटे असे बांधीत नाही. उघड्या रानात उथळ खळगा, भोवती काही खडे, आत बहुधा चार अंडी, तीही मातीच्याच रंगाची. सुमारे २८ दिवसांनी निघालेली पिले लवकरच आपल्या पायांनी चालू लागतात, आणि आईने ओरडून इशारा दिला की जमिनीस चिकटून निश्चल पडतात. म्हणजे ज्यास आपण अनाथ समजतो, ते आईच्याच आज्ञेत असते. आणि आई डोक्यावर घिरट्या घालून आपणांसच शिव्या देत असते! आपण हलल्यावाचून तिने खाली उतरावे कसे?

साळुंकीचे वा बुलबुलाचे पिलू नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडते व काही दिवस आईबाप त्यास बाहेरच भरवितात. मांजराचे भय असल्यास त्यास जवळच्या झुडपात ठेवावे, इतकेच. बिनपिसांचे पिलू मात्र पडलेले समजून घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिलास टाकते, ही समजूत खोटी आहे. ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले असता वनखाते त्यांस त्याच जागी ठेविते व रात्री मादी येऊन त्यांस नेते. बिबट्याच्या मादीस जे आपण मान्य करतो, ते टिटवीस का नाकारावे? भीती नाही म्हणून, दुसरे काय!

बैलांमागे चालणाऱ्यास अंडी दिसत. ट्रॅक्टरवर बसलेल्यास ती दिसत नाहीत. टिटवी ओरडू लागली म्हणजे अपशकुन न मानता खाली उतरून पाहावे, काठी रोवावी व दोन हात जागा सोडून पुढे जावे. तेवढ्यात पिकून पिकून बाजरी किती पिकणार? ओंजळभर. अंडी फोडणे वा घरटे विस्कटणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे शिकारीतच मोडते. परंतु आम्ही महसूल खात्यात जन्मभर कागदच लिहिले. कागदाची धाव आम्हांस ठाऊक आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत अभयारण्य झाले. तरी उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालणारा तो पक्षी आज आपल्याकडे दिसेनासाच झाला आहे. टिटवी अजून बांधाबांधावर आहे, म्हणूनच तिची किंमत वाटत नाही.

पिलू खरोखर जखमी असल्यास भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात व उबेत ठेवून वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. तोवर त्याच्या चोचीत दूध वा पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.