कात्री बंद, धायटी चालू!

मार्चमध्ये सिंहगड चढताय. ऊन मी म्हणतंय, बाटलीतलं पाणी संपत आलंय, आजूबाजूच्या गवताच्या काड्या झाल्यात. अशा वेळी उतारावर लालभडक फुलांनी लगडलेलं झुडूप दिसतं ना, ती धायटी. संस्कृतात धातकी. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यपुष्प तामण, सगळे हिचे नातेवाईक. आणि तुम्ही ती पाहिली नसलीत तरी बहुधा आजीने ती प्यायलेली आहे! अशोकारिष्टासारखी औषधं आंबवायला धायटीचीच वाळलेली फुलं घालतात.

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत मुरमाड जमिनीची, भर उन्हातली एक पट्टी आहे. तिथे दरवर्षी काहीतरी फॅन्सी आणून लावायचं, टँकरचं पाणी पाजायचं आणि मे महिन्यात उपटून टाकायचं, असा ठरलेला कार्यक्रम. यंदा मीटिंगमध्ये मी धायटी सुचवली. ‘ते जंगली झुडूप?’ इति सेक्रेटरीकाका. अहो काका, सह्याद्रीत तिला कोण पाइप घेऊन पाणी घालतं?

तसे हिचे नखरे फार नाहीत. भरपूर ऊन हवं आणि पाणी साचायला नको. रोप जूनमध्ये लावायचं, पहिला उन्हाळा जरा जपायचं, पुढे हात आखडता घ्यायचा. वाढते साधारण एक ते तीन मीटर. रोप मात्र देशी झाडांच्या नर्सरीतून आणा, ट्रेकवरून उपटून नको, प्लीज!

खरी भानगड माळीदादांच्या कात्रीची. धायटीची फुलं येतात जुन्या फांद्यांवर, जानेवारी ते एप्रिलच्या सुमाराला. दर महिन्याला तिला चौकोनी केकसारखी कापलीत तर हिरवी भिंत मिळेल, फुलं विसरा. छाटणी एकदाच, बहर ओसरल्यावर. म्हणजे उरलेलं वर्ष ती झिपरी दिसणार. आणि नेमकं हेच आमच्या कमिटीला झेपेना. ‘गेटवरून काय इम्प्रेशन पडेल?’ मी म्हटलं, त्या नळीसारख्या फुलांतला मध प्यायला शिंजीर येतात, बाल्कनीतून फुकट शो! लहान मुलांच्या आयांनी तिथेच हात वर केले.

शेवटी पाच रोपं मंजूर झाली. दोन वर्षं कात्री बंद. त्यानंतरही फुलं दिसली नाहीत तर पुन्हा फॅन्सी झाडं, असं काकांनी मिनिट्समध्ये स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.