विद्यार्थ्याची बदनामी आणि वसतिगृहाचे भाडे

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील विद्यार्थी कसा असतो, हे ते विद्यापीठ कधीही न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असते. निदान ठाऊक आहे अशी त्याची खात्री असते. तो तिशी उलटलेला, दाढी वाढवलेला आणि खांद्याला झोळी लावलेला असतो. सरकारी खोलीत फुकट राहतो, सरकारी अन्न खातो, परीक्षेऐवजी घोषणा देतो. घरचा खाऊनपिऊन सुखी असतो, तोंडी इंग्रजी असते आणि मनात देशाविषयी तिटकारा. गेली दहा वर्षे हे चित्र दूरचित्रवाणीने, पुढाऱ्यांच्या भाषणांनी आणि मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरांनी इतक्या वेळा रंगवले आहे, की आमच्या बैठकांना येणारे साथीदेखील कधी कधी त्याच शब्दांत बोलू लागतात. फेब्रुवारी 2016 मध्ये राजस्थानातील तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या एका आमदाराने या विद्यापीठाच्या आवारात रोज किती सिगारेटची थोटके आणि किती दारूच्या बाटल्या सापडतात याची आकडेवारीच जाहीर केली. ही मोजदाद कोणी केली, हे विचारण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

या चित्रात खरे किती आणि खोटे किती, हे तपासणे ही करमणुकीची बाब नव्हे. या चित्राच्या आधाराने निर्णय झाले आहेत आणि ते गरिबांच्या मुलांवर झाले आहेत. म्हणून चित्रातील एकेक रेघ वस्तुस्थितीशी ताडून पाहणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.

पहिली रेघ वयाची. तेथील विद्यार्थी सामान्य महाविद्यालयातील मुलांपेक्षा वयाने मोठे असतात, हे खरेच आहे. पण त्याचे कारण आळसात शोधण्याआधी विद्यापीठाची रचना पाहावी. 1966 च्या कायद्याने स्थापन झालेले हे विद्यापीठ मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी उभारले गेले. पदवीचे वर्ग तेथे बराच काळ परकीय भाषांपुरतेच होते. बी. ए. करून आलेला मुलगा तेथे एम. ए., एम. फिल. आणि पीएच. डी. असा टप्प्याटप्प्याने शिके. मग त्याचे वय अठरा कसे असणार? रुग्णालयात सगळे आजारीच दिसतात अशी तक्रार कोणी करत नाही. संशोधनाच्या विद्यापीठात सगळे मोठेच दिसतात ही तक्रार मात्र देशभर खपते.

दुसरी रेघ फुकटेपणाची. येथेही चित्राला एक खरा धागा आहे. 2019 पर्यंत तेथील वसतिगृहात एकट्याच्या खोलीचे भाडे महिना 20 रुपये आणि दोघांच्या खोलीचे प्रत्येकी 10 रुपये होते. शिकवणीचे शुल्क वर्षाला अडीचशे रुपयांच्या आत होते. आकडे खरेच लहान आहेत. पण ते कोणासाठी लहान ठेवले होते? विद्यापीठाच्या 2017-18 च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी प्रवेश घेतलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के विद्यार्थी महिना 12,000 रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतून आले होते. 2019 च्या शरदात विद्यापीठाने भाडे 20 वरून 600 आणि 10 वरून 300 रुपये केले, शिवाय महिना 1,700 रुपयांचा नवा सेवाआकार लावला. दोघांच्या खोलीत राहणाऱ्यालाही आता जेवणापूर्वीच महिना 2,000 रुपये मोजावे लागणार होते. बारा हजारांत संसार रेटणाऱ्या घराच्या मिळकतीचा हा सहावा हिस्सा. अन्नधान्याचा खर्च तर विद्यार्थी पूर्वीपासून स्वतःच भरत आले होते. या वाढीविरुद्ध मुले रस्त्यावर आली तेव्हा त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि दूरचित्रवाणीवर ‘फुकटे’ हा शब्द रात्रभर घुमत राहिला. पुढे जानेवारी 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या दरानेच नोंदणी करून घेण्याचा अंतरिम आदेश दिला, ही बातमी मात्र त्या आवाजात दबली.

तिसरी रेघ श्रीमंतीची आणि इंग्रजीची. एकच मुलगा एकाच वेळी फुकटा आणि श्रीमंत कसा, हा प्रश्न चित्रकारांना पडलेला दिसत नाही. वस्तुस्थिती अशी की मागास भागांतील मुलांना वर आणण्याची एक अभिनव पद्धत याच विद्यापीठाने सत्तरच्या दशकात घडवली. उमेदवार कोणत्या जिल्ह्यातून आला, तो जिल्हा किती मागास, घरची परिस्थिती कशी, हे पाहून त्याला प्रवेशासाठी अधिक गुण दिले जात. 1983 च्या उन्हाळ्यात मोठे आंदोलन झाले, शेकडो विद्यार्थी तिहारच्या तुरुंगात गेले आणि त्यानंतर ही पद्धत बंद पडली. त्या तुरुंगवासींतील अभिजित बॅनर्जी नावाच्या विद्यार्थ्याला 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरल्यामुळे 1994 मध्ये हे गुण परत आले. 2017 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या नियमांचा आधार घेऊन संशोधनाच्या प्रवेशांसाठी ते पुन्हा काढून टाकले गेले आणि त्याच वर्षी संशोधनाच्या शेकडो जागाही कापल्या गेल्या. मराठवाड्यातील किंवा बिहारमधील मागास जिल्ह्याच्या मुलाला दिल्लीत पोहोचवणारी शिडी कोणी काढली, हे न सांगता ‘तेथे श्रीमंतांचीच मुले जातात’ असे म्हणणे म्हणजे दरवाजा बंद करून आत कोणी येत नाही अशी हाकाटी करणे होय.

चौथी रेघ लाल रंगाची. डाव्या संघटनांचा तेथे प्रदीर्घ काळ वरचष्मा राहिला, हे कोणी नाकारू नये. पण आमच्या वाचकांना एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. 1974 मध्ये तेथील विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी साथी आनंद कुमार यांनी प्रकाश करात यांचा पराभव केला होता. 2000 साली अध्यक्षपद अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेकडे गेले. बिरसा, आंबेडकर आणि फुले यांच्या नावाने 2014 मध्ये उभी राहिलेली संघटना तेथे डाव्या-उजव्या दोघांनाही जाब विचारते. केंद्रीय मंत्री निर्मला सीतारामन आणि एस. जयशंकर हे दोघेही याच विद्यापीठाचे विद्यार्थी. तेव्हा एकाच साच्यातून एकच माणूस निघतो हे म्हणणे टिकत नाही. तेथे सर्वांनी मिळून जपलेली गोष्ट म्हणजे मध्यरात्रीपर्यंत चालणारा वादविवाद. मेसच्या बाकावर बसलेला सामान्य विद्यार्थी तेथे उमेदवारांना वाटेल तो प्रश्न विचारू शकतो.

देशद्रोहाच्या आरोपाविषयी थोडे. 9 फेब्रुवारी 2016 च्या कार्यक्रमानंतर विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाला अटक झाली, न्यायालयाच्या आवारात त्याला मारहाण झाली. आरोपपत्र दाखल व्हायला मात्र जानेवारी 2019 उजाडले. ज्या घोषणांवरून हे रान उठले त्या आम्हांला मान्य नाहीत. देशाचे तुकडे व्हावेत असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. परंतु मूठभरांच्या घोषणांचा ठपका हजारो मुलामुलींवर ठेवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? 5 जानेवारी 2020 रोजी तोंडे झाकलेल्या टोळीने वसतिगृहांत शिरून विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची डोकी फोडली, तेव्हा एरवी राष्ट्रप्रेमाचे धडे देणारे कितीतरी जण गप्प राहिले. ज्या मुलांची आधी माणूस म्हणून असलेली ओळखच पुसून टाकलेली असते, त्यांच्या रक्ताची कोणाला खंत वाटत नाही.

मुलींविषयीची रेघ सर्वांत मलिन आहे. आवारात मुली रात्री मोकळेपणाने वावरतात, एवढ्यावरून त्यांच्या चारित्र्याचे पंचनामे केले जातात. 1997 च्या विशाखा निकालानंतर 1999 मध्ये या विद्यापीठाने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असलेली समिती स्थापली होती, ती 2017 मध्ये गुंडाळली गेली. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी वाहणाऱ्यांनी त्या समितीसाठी अवाक्षर काढले नाही.

याचा अर्थ तेथे सारे आलबेल आहे असा नव्हे. बदनामीला उत्तर म्हणून आरती ओवाळणे हा आमचा धर्म नाही. 2016 मध्ये विद्यापीठानेच नेमलेल्या प्रा. अब्दुल नाफे समितीने लेखी आणि तोंडी परीक्षेतील गुणांची तुलना केली आणि भेदभावाकडे बोट दाखवणारा फरक नोंदवला. पुरोगामित्वाचा डांगोरा पिटणाऱ्या प्राध्यापकांच्या टेबलापलीकडे बसताच दलित, आदिवासी आणि मागास मुलांचे गुण घसरत असतील, तर ती लाजिरवाणी गोष्ट आहे. याच सुमारास अनुदान आयोगाने लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून मुलाखतीलाच सर्वस्व दिले, म्हणजे जेथे अन्याय होतो त्याच जागेचे वजन वाढवले. इंग्रजीचे वर्चस्व हाही खरा दोष आहे. भोजपुरी, मराठी किंवा संथाळी बोलणारा मुलगा पहिले वर्ष वर्गात तोंड मिटून बसतो, असे तेथून आलेले कार्यकर्ते सांगतात. डॉ. लोहियांनी याविरुद्ध जन्मभर आवाज उठवला. त्यांच्या वारसदारांनी हा दोष झाकू नये. मात्र बदनामी करणाऱ्यांच्या तोंडी या खऱ्या दोषांचा उल्लेख कधी येत नाही. त्यांना दोष दुरुस्त करायचा नसतो, विद्यार्थ्याला आरोपी करायचे असते.

असे का, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. 2019 मध्ये शुल्कवाढीचे समर्थन करताना विद्यापीठाने सुमारे 45 कोटी रुपयांची तूट सांगितली होती. त्याच वर्षी 20 सप्टेंबर रोजी केंद्र सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला आणि त्यापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल असे स्वतःच जाहीर केले. कंपन्यांना दिलेल्या या सवलतीला कोणी ‘फुकटेगिरी’ म्हटले नाही. तिला ‘प्रोत्साहन’ म्हणतात. वीस रुपये भाड्याला मात्र ‘करदात्याच्या पैशाची उधळपट्टी’. आणि हा करदाता कोण? प्राप्तिकर भरणारा तेवढाच करदाता, ही समजूत सोयीस्कर आहे. साबण, तेल, चहा, काडेपेटी विकत घेणारी शेतमजूर बाई प्रत्येक खरेदीवर कर भरते. तिचा मुलगा विद्यापीठात शिकत असेल तर तो आईच्याच पैशाने शिकतो. आधी विद्यार्थ्याची प्रतिमा मलिन करायची, मग त्याच्यावरचा खर्च लोकांच्या डोळ्यांत सलू द्यायचा आणि शेवटी शिक्षण बाजाराच्या हवाली करायचे, असा हा क्रम आहे. आज हे दिल्लीत घडते; उद्या कोल्हापूरच्या, नांदेडच्या, जळगावच्या विद्यापीठांत घडेल.

महाराष्ट्राने तरी या ‘फुकट्या’च्या भाषेला भुलू नये. लोकांच्या पैशाने गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृह चालवणे ही कल्पना काही आम्हांला दिल्लीने शिकवलेली नाही. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली. तिच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. परक्याच्या पैशावर हा किती वर्षे शिकणार, असे त्या वेळी सयाजीरावांनी म्हटले असते, तर भारताच्या राज्यघटनेचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. ज्या भूमीत समाजाच्या खर्चाने शिकलेल्यांनी समाज उभा केला, त्या भूमीतल्या माणसाने शिकणाऱ्या गरिबाला ‘फुकटा’ म्हणणे हे आपल्याच घराची वासे मोजणे आहे.

आता आमच्या साथींना दोन शब्द. बदनामीच्या चित्राइतकेच त्याच्या उलटे चित्रही घातक असते. दिल्लीचा प्रत्येक विद्यार्थी क्रांतिकारक आणि आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयातील मुले मात्र स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेली, थंड रक्ताची, असे आमच्यातही बोलले जाते. हाही साचाच आहे. ज्या मुलाची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने बँकेत जमा होत नाही, ज्याला समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा न मिळाल्याने चौघांत एक खोली भाड्याने घ्यावी लागते, त्याला थंड म्हणण्याआधी त्याच्या खोलीवर जावे. वसतिगृहाची अवस्था, मेसचे बिल, थकलेली शिष्यवृत्ती यांची माहिती प्रत्येक शाखेने आपल्या गावात गोळा करावी आणि ती घेऊन तहसीलवर जावे. चावडीवर कोणी ‘ती दिल्लीची फुकटी पोरे’ म्हणाला, तर त्याच्याशी भांडत बसू नये. बारा हजारांचे उत्पन्न आणि दोन हजारांचे भाडे, 45 कोटींची तूट आणि 1 लाख 45 हजार कोटींची सवलत, हे चार आकडे त्याच्यापुढे ठेवावेत आणि त्याचा स्वतःचा मुलगा कोठे शिकतो आहे, त्याला किती खर्च येतो, हे आपुलकीने विचारावे. वादाचा निकाल बहुधा तेथेच लागेल.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात राष्ट्रीय एकात्मता, सामाजिक न्याय, धर्मनिरपेक्षता, लोकशाही जीवनपद्धती आणि वैज्ञानिक दृष्टी ही त्याची उद्दिष्टे नोंदलेली आहेत. ती संसदेने ठरवली, विद्यार्थ्यांनी नव्हे. विद्यार्थी त्या उद्दिष्टांना जागतात की नाही, हे जरूर तपासावे. मात्र संसदेने दिलेले हे वचन पाळले जाते की नाही, हा प्रश्न त्याआधी राज्यकर्त्यांना विचारला पाहिजे.