चुकलेल्या नेमाचा हिशेब

ज्या मृगाच्या नावाने आपल्याकडे पेरणीची वाट पाहतात तो हिवाळ्याच्या रात्री डोक्यावर येतो. चार तारे हे त्याचे पाय, मधले तीन तारे हा पोटात रुतलेला बाण, आणि मागे लखलखणारा व्याध. हे चित्र आपण मुलांना कौतुकाने दाखवतो; परंतु ते साधलेल्या शिकारीचे नाही. बाण लागला आहे, हरीण पडलेले नाही, आणि व्याध अजून मागेच आहे. फसलेल्या शिकारीचे इतके स्वच्छ चित्र रोज डोक्यावर असताना आपल्या साहित्यविचाराला ते कधी दिसू नये, याचे मला नवल वाटते.

शिकारकथांवर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘नेम चुकला, हरीण वाचले.’ वर्गात ऐकू येते, चर्चासत्रात ऐकू येते. माझा आक्षेप या वाक्यातल्या स्वल्पविरामाला आहे. नेम चुकणे आणि हरीण वाचणे यांच्यामध्ये तो जी सरळ वाट दाखवतो, ती पुष्कळदा अस्तित्वातच नसते.

थोडे प्रत्यक्षात उतरून पाहू. काळवीट हे मोकळ्या माळाचे जनावर. आडोसा नसल्याने त्याच्या जवळ जाता येत नाही. गोळी लांबून झाडावी लागते. बिथरलेले काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे बावीस मीटर धावते. गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटर धरला तरी ऐंशी मीटर कापायला तिला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात जनावर चार मीटरहून अधिक पुढे गेलेले असते. काळीज आणि फुप्फुसे यांची जागा जेमतेम वीतभर. ती वीत साधली तर मरण लवकर येते. गोळी थोडी मागे लागली तर पोट फाटते आणि जनावर कित्येक तास, कधी दिवसभर, झुडपात तडफडते. खाली लागली तर तंगडी मोडते. पुढे लागली तर जबडा फुटतो, आणि मग चरता न आल्यामुळे ते उपासमारीने मरते. ठासणीची बंदूक, फाकणारे छर्रे, जीपच्या झोतात घाईने धरलेला नेम, यांच्याकडून त्या विताची अपेक्षा कोणी करावी? अशा वेळी शिकारी घरी येऊन सांगतो, ‘चुकला.’ आपण लिहितो, ‘वाचले.’

आपल्या परंपरेने मात्र चुकलेल्या नेमाकडे असे दुर्लक्ष केलेले नाही. महाभारत सांगितले जाते ते जनमेजयाच्या सर्पसत्रात. ते सत्र घडते त्याचा बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला म्हणून. परीक्षिताला शाप मिळतो तो शमीक ऋषींच्या गळ्यात त्याने मेलेला साप टाकला म्हणून. आणि तो त्या आश्रमात जातो कशासाठी? त्याच्या बाणाने घायाळ झालेले एक हरीण निसटलेले असते आणि तो त्याचा माग काढत असतो. मौन धरलेले ऋषी उत्तर देत नाहीत, आणि दमल्याभागल्या राजाचा तोल जातो. एका न पडलेल्या हरणावर एवढ्या मोठ्या ग्रंथाची चौकट उभी आहे. मौसलपर्वात जरा नावाचा व्याध हरीण समजून श्रीकृष्णाचा पाय विंधतो. वनात दशरथ आवाजाच्या रोखाने, हत्ती पाणी पितो आहे असे समजून, बाण सोडतो आणि एका तापसकुमाराचा जीव घेतो. चुकलेल्या बाणाला परिणाम असतो, आणि तो सोडणाऱ्याच्या दारी येतो, हे या कथांना पक्के ठाऊक आहे.

तरीही एक गोष्ट त्यांच्यातही राहूनच गेली. परीक्षिताच्या त्या हरणाचे पुढे काय झाले? राजाचे काय झाले ते आपल्याला तपशीलवार कळते. हरणाचे कळत नाही. आपण अध्यापकांनीही हा प्रश्न वर्गात विचारलेला नाही.

आधुनिक शिकारकथेत तर मोजदाद होते ती पडलेल्या जनावरांची. निसटलेल्या जनावराचा उल्लेख आला तर तो शिकाऱ्याची हळहळ म्हणून किंवा त्याच्या फजितीचा विनोद म्हणून येतो. ‘घायाळ’ हा शब्द आपण प्रेमकवितेला देऊन टाकला आणि ‘माग’ रहस्यकथेला. समीक्षाही याला अपवाद नाही. व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकार करत आणि पुढे नागझिऱ्याच्या जंगलात पाहण्यासाठी व टिपून ठेवण्यासाठी गेले, या प्रवासाचा गौरव आपण व्यक्तीच्या मनाचे उन्नयन म्हणून करतो. तो गौरव योग्यच आहे. परंतु अशा प्रवासात मागे सुटलेल्या जनावरांचे काय, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत कधी येत नाही. मराठी वाचक जिम कॉर्बेट आवडीने वाचतो. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी होते. तिचे उजव्या बाजूचे सुळे बंदुकीच्या गोळीने तुटलेले होते, म्हणून ती नेहमीचे भक्ष्य मारू शकत नव्हती, हे कॉर्बेटने स्वतः नोंदवले आहे. म्हणजे नरभक्षक घडवला तो कोणा अनामिकाच्या चुकलेल्या नेमाने. आपल्या लक्षात राहतो तो कॉर्बेटचा अचूक नेम.

गंमत अशी, की साहित्याने जे मोजले नाही ते कायद्याने मोजले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर जखमी करणेही येते आणि मारण्याचा प्रत्येक प्रयत्नही येतो. कायद्याच्या लेखी चुकलेली गोळी हीदेखील शिकारच आहे. साहित्याच्या अभ्यासकांपेक्षा कायद्याचा मसुदा करणारा अधिक संवेदनशील निघावा, हे आपल्याला भूषणावह नाही.

येथे कोणी म्हणेल, की पुस्तकांत रमणाऱ्यांना हरणाचे दुःख दिसते, शेतकऱ्याचे नाही. हा आरोप मी टाळणार नाही. अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार या भागांत सोयाबीनचे कोंब वर आले की काळविटांचे कळप शेतात उतरतात. किनवट-माहूरकडे रोही आणि रानडुकरे. लातूर जिल्ह्यात तर जंगल जवळजवळ नाहीच. जनावराने जायचे कुठे? दुबार पेरणी ज्याला परवडत नाही त्याने हरणावर ललित निबंध लिहावा, अशी माझी अपेक्षा नाही. पीक नुकसानीची भरपाई त्याला पुरेशी आणि वेळेवर मिळाली पाहिजे. २०१५ साली राज्य शासनाने पिकांचे नुकसान करणारे रोही व रानडुकरे परवानगीने मारण्याचा मार्ग मोकळा केला. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणात आहे. त्यालाही मारू द्या, अशी मागणी होते. तिच्यावर वाद जरूर व्हावा. परंतु त्या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: झाडलेली गोळी लागते आणि लागलेले जनावर मरते.

जिथे शिकारीला मुभा आहे अशा देशांनी हे गृहीत धरलेले नाही. नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. जखमी जनावर शोधण्यासाठी शिकवलेला कुत्रा हाताशी असावा, असा तिथला नियम आहे. जर्मन भाषेत तर या शोधाला स्वतंत्र शब्द आहे. शब्द असला की जबाबदारीला जागा मिळते. आपल्याकडे परवानगीची चर्चा होते, बंदुकीची होते, मारलेल्या जनावरांच्या आकड्यांची होते. परंतु जखमी होऊन उसात शिरलेल्या जनावराच्या मागे कोणी जायचे, याची होत नाही.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे साधे आहे. यापुढे शिकारकथा वाचताना पडलेल्या जनावरांबरोबर न पडलेली जनावरेही मोजा. गोळी सुटल्यानंतर निवेदक कुठे पाहतो, आणि कुठे पाहणे टाळतो, हे तपासा. ‘नेम चुकला’ असे वाक्य आले की तिथे पूर्णविराम द्या आणि विचारा: मग हरीण कुठे गेले? परीक्षित निदान त्याच्या मागे गेला होता.