तहानलेलें लातूर आणि रूपकांची मोजदाद

एका श्लोकांतील रूपक दाखविणें सोपें. सहस्रावधि पानांच्या संग्रहांतील प्रत्येक रूपक अनेकांनीं एकाच नियमानें ओळखणें निराळें.

२०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें, आणि तिला नांव मिळालें 'जलदूत'. त्या दिवसांचीं वृत्तें जमवून कोणी रूपकें मोजूं लागला तर तो लवकरच अडेल. 'जलदूत' हें रूपक उघड आहे. 'दुष्काळाच्या झळा' हेंही मानूं. पण 'उन्हाच्या झळा' यांत तोच शब्द मुख्यार्थानें येतो, आणि यंत्राला केवळ शब्द शोधावयास सांगितल्यास दोन्ही एकाच राशींत पडतील. मग 'तहानलेलें लातूर' कोठें घालावें? मंच ओरडतात असें म्हटलें कीं मंचावरील माणसें समजावयाचीं, हें अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे. येथेंही सादृश्य नाहीं. नगर म्हणजे नगरांतील माणसें, एवढेंच. त्या उन्हाळ्यांत ती तहान खरी होती, तिला रूपकांत मोजूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

असे वाद मिटविण्यासाठीं 'प्रॅगलजॅझ' नामक दहा विद्वानांच्या मंडळानें २००७ सालीं एक पद्धति प्रसिद्ध केली. (नांव विचित्र खरें, तें त्यांच्याच नांवांच्या आद्याक्षरांनीं बनलें आहे.) आधीं सर्व लेख वाचावा, मग शब्द सुटे करून प्रत्येकाचा तेथील अर्थ ठरवावा. त्याहून अधिक मूर्त असा अर्थ आज प्रचारांत असेल, आणि त्याच्याशीं तुलना करून येथील अर्थ कळत असेल, तर खूण करावी. पुढें ॲम्स्टरडॅम येथें हीच पद्धति विस्तारून सुमारें १,९०,००० इंग्रजी शब्दांस लाविली गेली.

आमच्याकडे मम्मटानें मुख्यार्थाचा बाध ही लक्षणेची पहिली अट सांगितलीच होती. 'कुशल' म्हणजे मूळचा दर्भ खुडणारा, म्हणून निपुण या अर्थीं ती रूढ लक्षणा, असें तो म्हणतो. विश्वनाथास हें मान्य नाहीं. व्युत्पत्ति वेगळी आणि प्रचार वेगळा; नाहींतर 'गाय निजली' हेंही लक्षणेंत जाईल, कारण 'गो' शब्द गमनार्थक धातूचा! ॲम्स्टरडॅमकरांनींही शब्दाच्या जुन्या इतिहासास कौल दिला नाहीं. आम्ही विश्वनाथाच्या पक्षाचे.

परंतु मराठींत आजचा प्रचार कोणाचा धरावा? मोल्सवर्थचा कोश १८५७ चा, दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ नंतरचा. विहिरीवरचें रहाटगाडगें नांदेडच्या आजच्या विद्यार्थ्यानें पाहिलेलें नसतें. त्याला संसाराचें तेवढें ठाऊक. त्याच्या दृष्टीनें तेथें मूर्त अर्थच उरला नाहीं, औशाच्या वृद्ध शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो आहे. नांदेडच्या विद्यापीठांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनीं शंभर पानें घ्यावीं, एक प्रत स्वतः खुणावी, दुसरी आजोबांकडून खुणावून घ्यावी, आणि मग दोन्ही ताडून पाहाव्या.