संदेश दोघांचा, वाचक अनेक

विवाह ठरल्यावर वधूवरांनी एकमेकांशी बोलावे की नाही, हा वाद बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळसारख्या गावातही आता मागे पडत चालला आहे. साखरपुडा झाला की भ्रमणध्वनीवर संदेशांची देवाणघेवाण सुरू होते आणि वडीलधारी मंडळी तिकडे समंजसपणे कानाडोळा करतात. परंतु एवढ्यावरून तरुण-तरुणींना मोकळ्या संवादाचे स्वातंत्र्य लाभले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये, हा संकेत मराठी समाजाने दीर्घकाळ पाळला. नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, तेही चारचौघांच्या आग्रहावरून. संदेशांतही हा संकोच टिकून आहे. ‘जेवण झालं का?’ एवढ्या विचारपूशीत पुष्कळसे सांगून होते. चीनमधील तरुणांचीही रीत फारशी निराळी नाही. ‘पाच-दोन-शून्य’ या अंकांचा चिनी उच्चार प्रेमाच्या कबुलीशी जुळतो. म्हणून तेथे २० मे हा प्रेमिकांचा दिवस मानला जातो. असा संकोच हा दोष नव्हे. ती त्या त्या संस्कृतीची भाषाच होय.

चिंतेची बाब निराळी आहे. संदेश दोघांचा असला तरी त्याचे वाचक अनेक असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरावयाचा भ्रमणध्वनी असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशाच्या शहरी भागात ६९.४ टक्के, तर ग्रामीण भागात अवघे ४६.६ टक्के होते. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. एकांत मात्र दुर्मिळच राहिला. भावाच्या फोनवर आलेल्या संदेशाला भावाला रुचेल असेच उत्तर मुलीला लिहावे लागते. चाकणच्या कारखान्यात नोकरीस गेलेल्या मुलाचीही यातून सुटका नाही. खोलीवरचे मित्र संदेश वाचतात आणि उत्तराला झालेल्या विलंबाचा अर्थही तेच लावतात. ‘ऑनलाइन होतीस, मग उत्तर का नाही?’ हा प्रश्न पुष्कळदा त्यांच्याच चिथावणीने विचारला जातो. संसार सुरू होण्यापूर्वीच अशी हजेरी घेण्याची सवय जडली, तर पुढे ती सुटणे कठीण.

संदेशांचा व छायाचित्रांचा दुरुपयोग होईल, विवाह मोडल्यास मुलीची बदनामी होईल, ही पालकांची भीती निराधार नाही. परंतु पहाऱ्याने मुलगी सावध होत नाही, लपवाछपवी तेवढी शिकते. शिवाय अशा प्रसंगी बोल मुलीलाच लावला जातो, हा दोष समाजाचा; त्याची शिक्षा तिला का? तिच्या हाती स्वतःचा फोन असावा, काय पाठवावे आणि कशाला नकार द्यावा याची समज घराने व शाळेने द्यावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा. दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडू नये, हा शिष्टाचार ज्या घरांनी पाळला, त्यांना तोच नियम भ्रमणध्वनीलाही लावणे अवघड जाऊ नये.